काकोडकरांच्या नायिका, पोशेऱ्याचे वाचक आणि जातीचा प्रश्न

चंद्रकांत काकोडकर हे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शोधले तर फार तर एखाद्या ओळीत सापडेल, आणि तीही नाक मुरडून लिहिलेली. पण भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्रऱ्यांच्या जमान्यात हातोहात फिरून पाने सुटलेली पुस्तके कोणाची असत, हे त्या काळच्या वाचकाला विचारून पाहा. काकोडकरांच्या प्रेमकथा गृहिणींनी वाचल्या, कारकुनांनी वाचल्या, कॉलेजच्या पोरापोरींनी वहीत लपवून वाचल्या. त्यांच्या ‘नीलांबरी’वर 1969 साली राज खोसलाने ‘दो रास्ते’ काढला, ‘अशी तुझी प्रीत’वर 1978 साली ‘मैं तुलसी तेरे आँगन की’. म्हणजे ज्याने काकोडकरांचे एकही पान वाचले नाही, त्यानेही काकोडकर पाहिले आहेत.

हा विषय आज आंबेडकरी ब्लॉगवर कशाला, असे काही मित्र विचारतील. कारण सांगतो. मोखाडा तालुक्यातल्या पोशेरा आणि आसपासच्या पाड्यांवर आम्ही तरुणांसोबत वाचनाला बसतो. तिथे पोरे-पोरी काय वाचतात? मोबाईलवर हप्त्याहप्त्याने येणाऱ्या प्रेमकथा. कधी कुठून तरी आलेली, मुखपृष्ठ फाटलेली जुनी कादंबरी. यावर आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांचे ठाम मत असे की हा कचरा बंद करा, बाबासाहेब वाचायला द्या. आमचे मत वेगळे आहे. बाबासाहेब वाचायलाच हवेत, आणि त्यांना नीट वाचले तर प्रेमकथा हा कचरा नसून आपल्या लढाईचे ऐन मैदान आहे हे कळते.

आधी हेटाळणीचे बघू. प्रेमकथा लिहून मराठीत मानसन्मान मिळाले नाहीत असे नाही. ना. सी. फडके यांनी आयुष्यभर सुखवस्तू, सुशिक्षित तरुण-तरुणींच्या प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिल्या. ते 1940 साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पुढे पद्मभूषण झाले. फडके आणि खांडेकर यांच्या निमित्ताने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद रंगला आणि तो आजही परीक्षेला येतो. फडक्यांच्या पानावरचे प्रेम हे ‘तंत्र’ ठरले, काकोडकरांच्या पानावरचे प्रेम ‘सवंग’ ठरले. फरक लेखणीचा असेल, नाही असे नाही. पण फरक वाचकाचाही आहे. ड्रॉइंगरूममधल्या वाचकाची अभिरुची असते आणि चाळीतल्या वाचकाची फक्त चटक असते, असे मानणारी ही समीक्षा आहे. कोणी काय वाचावे आणि कोणी काय वाचण्याच्या लायकीचे नाही, हे ठरवण्याचा मक्ता या देशात कोणाकडे होता, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. म्हणून पोशेऱ्याच्या पोरीच्या हातातले पुस्तक हिसकावण्याआधी आपण कोणाच्या भाषेत बोलतोय याचा विचार झाला पाहिजे.

आता कोर्टाचे. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. एका कवीच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची गोष्ट. एका सद्गृहस्थाला ती अश्लील वाटली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने सोडले, हायकोर्टाने दोषी ठरवले आणि ऑगस्ट 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की समाजाची मापे बदलत आहेत, आणि कथेत शरीरसंबंधाचा उल्लेख आला एवढ्यावरून ती अश्लील ठरत नाही. तसे मानले तर तरुणांना धार्मिक पोथ्यांखेरीज वाचायला काही उरणारच नाही.

या निकालाच्या पस्तीस वर्षे आधी हीच बाजू मुंबईच्या कोर्टात कोणी मांडली होती? बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी सरळ उत्तरे दिली होती, हा त्यांचा गुन्हा. त्या वेळी कर्व्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे बदनामी ओढवून घेणे होते. बाबासाहेब उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे अश्लील होत नाही, वाचकाला प्रश्न विचारण्याचा आणि ज्ञान मिळवण्याचा हक्क आहे, ही ती भूमिका. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. 1938 साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला, त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. तेव्हा ‘असली पुस्तके चळवळीच्या पोरांना शोभत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी हा इतिहास वाचावा. सोवळेपणा ही आपली परंपरा नाही.

पण मित्रांनो, अश्लीलतेच्या आरोपातून सुटका झाली म्हणजे आपल्या प्रश्नातून सुटका झाली असे नव्हे. काकोडकरांवर खटला भरणाऱ्याने चुकीचा प्रश्न विचारला. या कथांत शरीर किती उघडे आहे, हा प्रश्नच नाही. या कथांत जात किती झाकली आहे, हा खरा प्रश्न आहे.

‘दो रास्ते’ची गोष्ट आठवा. सावत्र भावांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारा थोरला भाऊ, एकत्र कुटुंब, आणि त्यात आलेली श्रीमंत घरची आधुनिक सून. घर मोडते ते या सुनेमुळे. तिला वेगळे राहायचे आहे, तिला नवऱ्याचा पगार आपल्या संसारात हवा आहे, म्हणून ती खलनायिका. घर जोडले जाते तेव्हाच प्रेक्षक डोळे पुसतो. प्रेमकथा म्हणून सुरू झालेली गोष्ट संपते कुटुंबाच्या आरतीवर. आणि या कुटुंबाला जात आहे की नाही? पडद्यावर ती कोणी उच्चारत नाही, कारण उच्चारायची गरजच पडत नाही. जी जात सगळ्यांनी गृहीत धरलेली असते तिला नाव लागत नाही. नाव लागते ते आपल्याला.

‘मैं तुलसी तेरे आँगन की’ तर आणखी बोलकी. ठाकुराचे प्रेम एका तवायफीवर. घराण्याला ती चालणार नाही. म्हणून घराण्याच्या पसंतीची बायको येते, आणि तुळशी काय करते? स्वतःचा जीव देते, म्हणजे ठाकुराने लग्नाच्या बायकोकडे बघावे. अंगणात तिची जागा आहे ती मेल्यावर. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला, ‘भारतातील जाती’, त्यात जातीचे सगळे यंत्र उलगडून दाखवले आहे. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. त्या चौकटीत जी स्त्री जास्तीची ठरते, तिची विल्हेवाट लावावी लागते. सती, लादलेले वैधव्य, बालविवाह या त्या विल्हेवाटीच्या रीती. तुळशीची आत्महत्या या यादीत ठेवून बघा. विधवा नाही, चिता नाही, पण चौकटीबाहेरची बाई स्वतःहून नाहीशी होते आणि आपण त्याला ‘त्याग’ म्हणून टाळ्या वाजवतो. लोकप्रिय प्रेमकथेची ताकद ती हीच. जे काम मनुस्मृतीला दंड दाखवून करावे लागे, ते ही गोष्ट रडवून करून घेते.

कोणी म्हणेल, लोकप्रिय लेखकाकडून एवढी अपेक्षा कशाला, लोकांना हवे तेच तो देणार. हे खोटे आहे, आणि खोटे असल्याचा पुरावा आपल्याच घरात आहे. अण्णा भाऊ साठे. ‘फकिरा’चे अण्णा भाऊ आपण जयंतीच्या पोस्टरवर छापतो, पण प्रेमकथांचे अण्णा भाऊ विसरतो. ‘चित्रा’, ‘वैजयंता’, ‘आवडी’, ‘अलगुज’ या कादंबऱ्याही हातोहात गेल्या, त्यांतल्या काहींवर सिनेमे निघाले. ‘आवडी’त वरच्या जातीतली मुलगी रामोशी तरुणावर प्रेम करते आणि जात मध्ये उभी राहते. कुऱ्हाड घेऊन उभी राहते. गैरसमज, श्रीमंत बाप, दुष्ट सून यांच्या आड अण्णा भाऊंनी तिला लपवले नाही. म्हणजे लोकांना रडवणारी, खपणारी प्रेमकथा जातीचे नाव घेऊन लिहिता येते.

1969 साल बघा. 18 जुलैला अण्णा भाऊ हलाखीत गेले. पुढच्याच महिन्यात काकोडकर सर्वोच्च न्यायालयातून सुटले. त्याच वर्षी ‘आवडी’वरचा ‘टिळा लावते मी रक्ताचा’ आला आणि ‘दो रास्ते’ही आला. राजेश खन्नाच्या गाण्यांत कोणता सिनेमा देशभर घुमला आणि कोणता विस्मरणात गेला, ते सगळ्यांना माहीत आहे. काकोडकरांनी अण्णा भाऊंचे काही हिरावले असे आमचे म्हणणे नाही. बाजारात दोन्ही प्रेमकथा होत्या, पण जात दाखवणाऱ्या प्रेमकथेच्या मागे उभे राहणारा पैसा, पडदा आणि समीक्षा नव्हती. 2016 मध्ये ‘सैराट’ने ते कोडे फोडले. जातीवर बोट ठेवूनही थिएटरे नाचली. आणि शेवटी रक्ताने माखलेले लेकराचे पाऊल उमटले तेव्हा तीच थिएटरे गप्प झाली. तो शेवट काल्पनिक वाटणाऱ्यांनी 2013 चे सोनई आणि 2014 चे खर्डा आठवावे.

आता पोशेऱ्याकडे येऊ. शहरी प्रेमकथेची चौकट या मातीत कशी उपरी आहे ते इथे दिसते. वारली समाजात लग्न लावायला भटजी लागत नव्हता. धवलेरी, म्हणजे बाई, लग्न लावत आली. हुंडा नाही, देज मुलाकडून जाते. पैसा नसेल तर जोडपे आधी संसार थाटते आणि ऐपत झाली की लग्न लागते, कधी पोरेबाळे मांडवात असताना. शहरात ज्याला धाडस म्हणून पुरस्कार मिळतील ते इथे साधे जगणे आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही अनुसूचित जमातींना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. अशा घरातली पोरगी जेव्हा मोबाईलवर ‘घराण्याची अब्रू’, ‘कुमारी नायिका’, ‘पतीच्या पायाशी स्वर्ग’ वाचते, तेव्हा तिला नुसते मनोरंजन मिळत नसते. आपल्या आईचे लग्न कमी दर्जाचे होते, असा धडाही मिळत असतो. हे ब्राह्मणीकरण देवळातून येते त्याहून गुपचूप गोष्टीतून येते.

अर्थात आदिवासी जगण्याचे गोडवे गाऊन भागणार नाही. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेल्या थोडक्या कर्जापायी नवरा-बायको आयुष्यभर वेठीला बांधले जात. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 च्या वारल्यांच्या उठावाने ही गुलामी मोडली, गोदावरी परुळेकरांनी ती ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली. प्रेम करणाऱ्या दोघांना लग्नाची किंमत स्वातंत्र्याने मोजावी लागत होती, याहून मोठी प्रेमकथा मराठीत कोणती? ती कोणत्या प्रेमकथालेखकाने लिहिली? आजही दिवाळीनंतर मोखाड्यातली जोडपी उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. आणि वारली-कातकरी यांच्यातल्या उच्चनीचतेचा प्रश्न, आदिवासी-बौद्ध लग्नाला होणारा विरोध, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. जातिव्यवस्थेचे विष डोंगर चढून वर आले आहे.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना तीन गोष्टींचे आवाहन आहे.

एक, पुस्तक हिसकावू नका, पुस्तकावर बसून बोला. नायक-नायिकेची जात कोणती? अडथळा नेमका कशाचा आहे? शेवटी कोणाला मरावे लागते आणि कोणाचे घर वाचते? हे प्रश्न विचारायची सवय लागली की पोरे स्वतःच गोष्टीची चिरफाड करतात. नीलांबरीची बाजू घेऊन बोलणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. ‘वेगळे राहायचे होते, यात तिचे काय चुकले?’ हा प्रश्न समीक्षकांना सुचला नाही, त्यांना सुचला.

दोन, लिहा. आपल्या साहित्याने वेदना लिहिली, विद्रोह लिहिला, आत्मकथने लिहिली. प्रेम लिहायला आपण कचरतो, जणू ते चैनीचे काम आहे. आपल्या माणसाला प्रेम करण्याचा हक्क नाकारला गेला, तो परत घेणे हे चैनीचे कसे? वीटभट्टीवरची, वसतिगृहातली, एसटीतली प्रेमकथा आपणच लिहायची आहे.

तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचे, गोष्टीबाहेरच्या जोडप्यांमागे उभे राहा. ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी 1936 साली आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हणून सांगितला, आणि शास्त्रांचे प्रामाण्य मोडल्याशिवाय तो होणार नाही हेही सांगितले. विशेष विवाह कायद्यात आजही तीस दिवसांची नोटीस लागते, म्हणजे जोडप्याचा पत्ता विरोधकांच्या हाती. डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर ‘समन्वय समिती’ नेमली. ओरड झाल्यावर ‘आंतरजातीय’ शब्द काढला, समिती ठेवली. दुसरीकडे 2018 च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याचे आदेश दिले आहेत. आपल्या जिल्ह्यात ते कुठे आहेत, हे विचारायला किती कार्यकर्ते कलेक्टर ऑफिसात गेले?

पोशेऱ्याची पोरगी प्रेमकथा वाचते तेव्हा ती स्वतःच्या निवडीचे स्वप्न बघत असते. त्या स्वप्नाला हसणे सोपे आहे. ते स्वप्न ज्या गोष्टीत अडकले आहे ती गोष्ट बदलणे, आणि ती खरोखर निवड करील त्या दिवशी तिच्या दारात उभे राहणे, हे चळवळीचे काम आहे.

जय भीम! जोहार!