अंगणातला सायलेन्सर आणि गावाची राखरांगोळी

शेतकरी बंधूंनो, आणि गावचा कारभार पाहणाऱ्या सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक मंडळींनो,

कृषी खात्याच्या माणसाने बियाणे, खते आणि फवारणी यांवर लिहावे, ट्रकच्या सायलेन्सरवर कशाला, असे तुम्ही म्हणाल. म्हणणे रास्त आहे. पण माजरी आणि भद्रावतीच्या पट्ट्यात शेती आणि ट्रक आता एकाच अंगणात उभे असतात. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींनी इथल्या कित्येकांची काळी कसदार जमीन घेतली. कोणाला नोकरी मिळाली, कोणाला नुसता मोबदला मिळाला. त्या पैशातून पोराने टिप्पर घेतला, कोणी जुना दहाचाकी घेतला. उरलेल्या चार एकरांत कपाशी आणि सोयाबीन. म्हणून एकाच घरी एका बाजूला कुटाराची गंजी आणि दुसऱ्या बाजूला ट्रक, हे चित्र आपल्याकडे नवे नाही.

याच अंगणात अलीकडे एक उद्योग वाढला आहे. ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा कंपनीचा सायलेन्सर काढायचा, बाजारातून किंवा भंगारातून एक पाईप आणायचा, वेल्डिंग मशीन भाड्याने घ्यायचे आणि रविवारी घरीच जोडकाम उरकायचे. विचारले तर उत्तर ठरलेले. "साहेब, सायलेन्सर काढून सरळ पाईप टाकला का गाडी मोकळी होते. डिझेल बी कमी लागते." दुसरा हसून म्हणतो, "आवाजावरूनच कळते ना जी, कोणाची गाडी येऊन राह्यली ते!"

मागे एका दिवाळीच्या तोंडावर याच तालुक्यातल्या एका खळ्यावर मी पोहोचलो तेव्हा काही उरले नव्हते. ट्रॅक्टरवर थ्रेशर चालू होता. ट्रॅक्टरला घरी जोडलेला आखूड, सरळ पाईप होता. ठिणगी कुटारात पडली, वारा होता, आणि दोन एकरांची सोयाबीन अर्ध्या तासात गेली. मालक बांधावर बसून होता. मला त्याने एवढेच विचारले, "विम्यात बसते का जी?" पीकविमा नैसर्गिक आपत्तीसाठी असतो. माणसाला टाळता आली असती अशी आग त्यात बसत नाही. हे त्याला सांगताना माझी जीभ जड झाली. त्या दिवसापासून हा विषय माझ्या खात्याचाच आहे, असे मी मानतो.

सायलेन्सर करतो तरी काय?

इंजिनातून जळलेला वायू धक्क्याधक्क्याने बाहेर येतो. भाराखाली चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या तोंडाशी तो ४०० ते ५०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. सायलेन्सरच्या पोटातील कप्प्यांत आणि छिद्रांच्या नळ्यांत तो फिरतो, पसरतो आणि थंडावतो. त्याचा आवाज मरतो आणि सोबतची जळती काजळी बरीचशी आतच अडते. सुके कुटार किंवा कापूस पेटायला २५० ते ३०० अंश पुरतात. सरळ पाईप लावला म्हणजे आवाज मोकळा झाला, आणि ठिणगीही मोकळी झाली.

डिझेल वाचते हा समज तर मुळातच कच्चा आहे. पाईपची लांबी, जाडी आणि आतला दाब हे इंजिनाचा हिशेब धरून ठरवलेले असतात. आतून गंजून बुजलेला सायलेन्सर बदलला तर गाडी नक्की हलकी चालते. पण चांगला सायलेन्सर काढून डिझेल वाचत नाही. डिझेल वाचवायचे असेल तर एअर फिल्टर साफ ठेवा, नोझल तपासा, टायरमधली हवा बघा आणि जास्तीचा माल भरू नका. आवाज वाढला की गाडी जोरात पळते असे वाटते, एवढेच.

नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ ट्रकांत सायलेन्सर म्हणजे नुसता डबा राहिलेला नाही. त्यात काजळी धरणारी गाळणी असते आणि विषारी वायू मारण्यासाठी युरियाचे द्रावण फवारण्याची सोय असते. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. अशा गाडीतून ही टाकी कापून काढली तर गाडीतला संगणक ते ओळखतो, दिवा लावतो आणि इंजिनाची ताकदच कमी करतो. मग मेकॅनिककडे चकरा आणि हप्ता थकलेला. या गाड्यांच्या सायलेन्सरला घरी हात लावूच नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही गाळणी साचलेली काजळी अधूनमधून स्वतःच जाळते. त्या वेळी आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता होते. म्हणून नवा ट्रक वाळल्या गवतावर, तणसावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभा करू नका.

युरियाचा विषय निघालाच आहे तर माझ्या खात्याचे बोलतो. गाडीच्या टाकीत जे द्रावण घालतात त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी असते. काही पोरांनी शेतातल्या पिशवीतला युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतल्याचे कानावर येते. २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया कडुनिंबाचे तेल लावलेला असतो. ते तेल आणि पाण्यातले क्षार नोझल बुजवतात, आतली जाळी कायमची निकामी करतात, आणि तो खर्च हजारोंच्या घरात जातो. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीशिवाय इतर कामाला वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. पिशवी पिकासाठी आहे, ती पिकालाच द्या.

जुना सायलेन्सर गंजला असेल तर?

जुन्या ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा सायलेन्सर पावसाळ्यात गंजतो आणि भोके पडतात, हे खरे. तो बदलणे गरजेचेच आहे. तालुक्याला जायला वेळ नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून घरी करणारे करतीलच. त्यांनी निदान एवढे पाळावे.

पहिली गोष्ट, माल. त्याच मॉडेलचा, तेवढ्याच मापाचा सायलेन्सर घ्या. नळाच्या पाण्याचा जीआय पाईप वापरू नका. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. पुष्कळ जण त्याला हिवताप समजून गोळ्या खात बसतात.

दुसरी गोष्ट, जागा. काम उघड्यावर करा. गोठा, कुटार, कापूस आणि डिझेलचा ड्रम यांपासून गाडी लांब घ्या. शेजारी पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले भरून ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू करून तपासू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप येते, आणि माणूस तिथेच आडवा होतो.

तिसरी गोष्ट, गाडीखाली शिरणे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चाकांना ओट लावा. नुसत्या जॅकवर भिस्त ठेवून खाली जाऊ नका, सागाचे मजबूत ठोकळे द्या. टिप्परचा डाला वर करून काम करायचे असेल तर त्याला लोखंडी टेकू दिल्याशिवाय कोणीही मान आत घालू नये. हायड्रॉलिकची नळी फुटायला वेळ लागत नाही, आणि डाला खाली यायला त्याहून कमी लागतो.

चौथी गोष्ट, वेल्डिंग. आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, नाहीतर गाडीचे इलेक्ट्रॉनिक सामान जळते. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या जवळच लावा. डिझेल टाकी आणि नळ्या ओल्या गोणपाटाने झाका, आणि टाकीला लागून वेल्डिंग करूच नका. डोळ्यांना काच हवीच. पोरांना तमाशा बघायला उभे करू नका.

पाचवी गोष्ट, जोडणी. जोडावर नवे पॅकिंग टाका. लवचिक नळी आणि रबरी टांगणी पूर्वीसारखीच ठेवा, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने महिनाभरात पाईप तडकतो. डिझेलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत धुराचा पाईप येता कामा नये, असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे. ब्रेकच्या नळ्या, वायरी, टायर आणि लाकडी डाला यांच्यापासून तर वीतभर अंतर राखा. ट्रकच्या धुराचे तोंड खाली किंवा डाव्या बाजूला नको. डाव्या बाजूला पायी चालणारी माणसे आणि शाळेची पोरे असतात.

ट्रॅक्टरवाल्यांनी खळ्यावर आणि कापसाच्या गाडीला ठिणगीरोधक जाळी लावावीच. उभ्या पाईपवर पावसात पालथा डबा घालण्यापेक्षा कंपनीची टोपी लावा. डबा काढायचा विसरला की पहिल्याच धक्क्यात तो गंजीवर जाऊन पडतो.

कायदा काय म्हणतो?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, आवाजाचे किंवा धुराचे प्रमाण मोडणारी गाडी चालवल्यास पहिल्या वेळीच ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ३ महिने परवान्यावर गदा, अशी तरतूद आहे. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला आणि गाडीत असा फेरफार आढळला, तर विमा कंपनी हरकत घेते ते वेगळेच.

पण मी तुम्हाला दंडाची भीती घालायला लिहीत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ४३ अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली. त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे होते. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचे जाहीर केले. कोळशाची धूळ, औष्णिक केंद्राची राख आणि वाहतुकीचा धूर आपण आधीच गिळतो आहोत. त्यात आपल्याच अंगणातून आपण भर घालायची? म्हातारी आई ओसरीवर खोकत असते आणि तिच्याच समोर पोरगा पाईप कापत असतो. हे चित्र बरे दिसत नाही.

गावाने काय करावे?

खाणीच्या ट्रकांनी रात्री झोपू दिले नाही म्हणून आपण निवेदने देतो, रस्ता अडवतो. ते योग्यच आहे. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरली आहे, आणि ती मोडणाऱ्या गाड्यांत आपल्या गावच्या गाड्याही असतात. आधी आपले घर झाडावे, मग दुसऱ्याच्या दाराशी बोलावे. तेव्हाच आपल्या निवेदनाला वजन येते.

म्हणून सरपंचांना आणि ग्रामसेवकांना माझी सूचना आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गावाबाहेर मुरूम टाकलेली एक मोकळी जागा गाड्यांच्या दुरुस्तीसाठी ठरवा, तिथे पाण्याचा ड्रम आणि वाळू ठेवा. मळणीच्या हंगामात जाळी नसलेला ट्रॅक्टर खळ्यावर घ्यायचा नाही असा ठराव करा. जाळीची किंमत एका पोत्याच्या भावापुढे काहीच नाही. पोलीस पाटलांनी पोरांना पहिल्यांदा समजावून सांगावे, चलान हे शेवटचे औषध. जंगलालगतच्या गावांत १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत पाला चुरचुरीत वाळलेला असतो. अशा वेळी फुटक्या सायलेन्सरचा ट्रॅक्टर जंगलवाटेने नेऊ नये, यासाठी वनरक्षक आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीने आधीच दवंडी द्यावी. राखीव जंगलात आग लागली की १९२७ च्या वन कायद्याखाली चौकशी गावावरच येते.

बंधूंनो, आपल्याकडे अग्निशमन गाडी तालुक्याहून किंवा खाणीतून येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत. ती येईपर्यंत गंजी राहत नाही, गोठा राहत नाही. बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नाही.

या आठवड्यात एक काम करा. सकाळी इंजिन थंड असताना आपल्या ट्रकचा आणि ट्रॅक्टरचा सायलेन्सर हाताने चाचपून पाहा. भोक आहे का, जोड ढिला आहे का, जाळी आहे का. जे खराब असेल ते हंगामाआधी नीट करून घ्या. त्या बांधावर बसलेल्या माणसाला मी उत्तर देऊ शकलो नाही. तुमच्यावर तो प्रश्न विचारण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.