आम्ही ‘अजब’ नव्हतो!

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, संविधान चौकापासून जवळच, इंग्रजी अमदानीतला एक बंगला उभा आहे. सरकारी कागदात त्याचे नाव मध्यवर्ती संग्रहालय. नागपूरकरांच्या तोंडी मात्र ‘अजब बंगला’. सर रिचर्ड टेम्पल मध्य प्रांताचा कारभार पाहत असताना, १८६३ साली या संग्रहालयाची स्थापना झाली. अशोक विजयादशमीला लाखो बांधव दीक्षाभूमीवर येतात, संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करतात आणि गाडी पकडतात. अजब बंगल्याची पायरी चढणारे त्यात किती? आम्हीही कैक वर्षे न चढणाऱ्यांतच होतो. परवा मात्र मुलाबाळांना घेऊन मुद्दाम गेलो.

भुसा भरलेले प्राणी पाहून पोरे हरखली. मग शस्त्रे, शिलालेख, मूर्ती झाल्या आणि आम्ही आदिवासी दालनाशी आलो. तिथे आमच्यातल्या एका मुलीने विचारले, “प्राण्यांच्या घरात माणसांचे दालन कशाला?”

प्रश्न लहान तोंडचा. पण उत्तर इतिहासात आहे. १८६६-६७ मध्ये जबलपूरला सरकारी प्रदर्शन भरले. तिथे आदिवासी माणसे आणून एका समितीने त्यांची तपासणी केली आणि त्यावर अहवाल छापला. त्या अहवालाच्या नावातच या माणसांसाठी ‘नमुने’ हा शब्द आहे! पुढे १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंड काढले. महारांचे वर्णनही त्यात आहे. म्हणजे बघणारे दुसरे, लिहिणारे दुसरे आणि ज्यांच्याविषयी लिहिले ते मुके!

दुसरे उदाहरण घ्या. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीत ठेवा सापडला. त्यात ४२४ तांब्याची अवजारे आणि १०२ चांदीचे पत्रे होते. त्यातला बराचसा भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. गुंगेरियाचे नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत अमर झाले. ठेवा शोधणाऱ्यांची ओळख मात्र ‘गुराखी पोरे’ एवढीच!

याच विदर्भात दुसरी परंपराही होती, हे विसरता कामा नये. भंडारा जिल्ह्यातील पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप उघडे पडले. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि मुचलिंद नागही आहे. नाग लोकांनी बुद्धधम्माचा प्रसार केला, म्हणून नागपूर निवडले, असे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगितले होते. बुद्धाच्या संघाला दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहते. मनुवादी व्यवस्थेने नावेच पुसली.

नाव पुसले जाऊ नये म्हणून आपल्याच माणसांनी काय केले, तेही नागपूरजवळच चिचोलीच्या शांतिवनात पाहायला मिळते. धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनात धावपळ करणाऱ्या वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आणि इतर वस्तू तिथे जिवापाड जपल्या. त्यांच्यामागे सरकारी खजिना नव्हता, निष्ठा होती.

आणि आपण? १९५६ साली विशीत असलेले आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या ट्रंकेत दीक्षेच्या वेळचे फोटो आहेत, सभांची पत्रके आहेत, समता सैनिक दलाच्या आठवणी आहेत. म्हातारा गेला की ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. आपला इतिहास कुणी लिहीत नाही, अशी ओरड आपण करतो. आणि लिहिण्याजोगा कागद आपणच किलोवर विकतो!

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. पुढच्या वेळी नागपूरला याल तेव्हा अजब बंगलाही पाहा आणि चिचोलीही. प्रत्येक वस्तूपुढे मुलांना विचारू द्या: ही कुणी घडवली, कुणी नेली, हिच्यावर नाव कुणाचे? आणि घरी परतल्यावर आधी आजीची ट्रंक उघडा. फोटोतल्या प्रत्येक माणसाचे नाव तिला विचारून मागे लिहून ठेवा. आजी आहे तोवरच हे काम होईल.

जयभीम!