सूनबाईची तपासणी, बाळाची लस
निलंगा भागातल्या भगिनींनो, सूनबाईला दिवस गेले की पहिल्याच तपासणीत ‘ब’ काविळीसाठी रक्त पाहून घ्या. डोळे पिवळे नसले तरी विषाणू रक्तात असतो आणि बाळंतपणात बाळाला लागतो. तान्हेपणी लागला तर बहुधा जन्मभर यकृतात ठाण मांडतो.

आजार निघाला तर सुनेला बोल लावू नका, तिचे ताट वेगळे करू नका. एकत्र जेवल्याने तो पसरत नाही. बाळंतपण दवाखान्यातच करा. जन्मापासून २४ तासांच्या आत बाळाला लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. आईला आजार असेल तर बाळाला सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते. पुढच्या लसी सहा, दहा, चौदा आठवड्यांनी. अंगावरचे दूध खुशाल पाजा.

पाचवी पुजायची ती पुजा. लस मात्र पहिल्याच दिवशी!