सव्वा महिन्यानंतरच्या रात्री

उमेळ्याचे एक जोडपे गेल्या आठवड्यात सात आठवड्यांच्या मुलीला घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. दिवे लागले की ती रडायला लागते आणि मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही, एवढीच तक्रार. वजन वाढलेले होते, ताप नव्हता, पोट मऊ होते, दूध नीट पीत होती. बाळ ठणठणीत. आईला मात्र बोलता बोलता डुलकी लागत होती. नायगाव स्थानकाकडे मोटारसायकलवरून जाताना दोनदा डोळा लागला, असे वडील सांगत होते.

निरोगी बाळाचे रडणेही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीनपेक्षा अधिक दिवस, अशी याची व्याख्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी १९५४ मध्ये मांडली. नेमके कारण आजही सापडलेले नाही. त्यामुळे ग्राइप वॉटर आणि घुटीचा धंदा मात्र जोरात चालतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय यातले काहीही देऊ नये.

आता आपली व्यवस्था पाहा. रुग्णालयात बाळंतपण झाल्यावर आशा कार्यकर्तीच्या सहा गृहभेटी ठरलेल्या आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्यानंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. घरची रीतही तशीच. सव्वा महिना झाला की बाळंतिणीची विश्रांती संपते, मालिशवाली येईनाशी होते, पाहुणे पांगतात. रडणे टिपेला पोहोचते त्याच सुमारास सरकार आणि नातेवाईक दोघेही निघून जातात. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली. वडिलांना केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. वसई-विरारहून रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाचे तीन-चार तास प्रवासातच जातात, मग झोपायचे कधी?

आईबाप झालात म्हणजे जागरण आलेच, असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेला जातो. मला ते पटत नाही. सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा वागतो, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे.

यावर घरात करता येण्यासारखे एकच मोठे काम आहे: आईला रोज सलग चार-पाच तास झोप मिळवून देणे. पिळून काढलेले दूध साध्या तापमानाला चार तास टिकते. ते वाटी-चमच्याने आजी किंवा वडील पाजू शकतात. थकलेल्या माणसाने बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर झोपू नये, बाळ दबून गुदमरू शकते. संताप अनावर झाला तर बाळाला गादीवर सुरक्षित उताणे ठेवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. त्यात गैर काही नाही. पण बाळाला कधीही हिसके देऊ नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. ताप, हिरवी उलटी, दूध सोडणे, मलूलपणा यापैकी काही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे. बाळ झोपले तरी आईला झोप येत नसेल, उदासी दोन आठवडे हटत नसेल, तर तिलाही डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी आणा.

आठव्या आठवड्यात आशाताईंची आणखी एक भेट ठरवायला मोठा खर्च येणार नाही. मात्र त्यांच्या कामाच्या यादीत आधीच किती भर पडली आहे, हे पाहता त्या भेटीचा मोबदला वेगळा द्यावा लागेल.

त्या जोडप्याला औषध लिहिले नाही. रात्री नऊ ते एक आजीने मुलीला सांभाळायचे आणि वडिलांनी महिनाभर स्टेशनला रिक्षाने जायचे, एवढे ठरले. बुधवारी आजीसह पुन्हा बोलावले आहे.