न्हाणीघरांतील चुना

गेल्या महिन्यांत याच पानावर आम्हीं धान्याच्या साठवणीविषयीं चार शब्द लिहिले होते. या खेपेस आमच्याच घरांत घडलेली एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगतांना आम्हांस थोडी लाज वाटते. परंतु मास्तरानें आपली चूक फळ्यावर लिहून दाखविली नाहीं तर वर्गांतील निम्मीं मुलें तीच पुन्हां करितात, हा आमचा जन्मभराचा अनुभव आहे. म्हणून आधीं कारण, मग चूक आणि शेवटीं उपाय अशा क्रमानें लिहितों.

आमचें घर वणीचें. १९०५ पर्यंत सबंध जिल्हाच वणी या नांवानें ओळखला जाई. पुढें तो यवतमाळ जिल्हा झाला. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे, पण आमच्या बाजूस जमिनीखालीं कोळसा आणि चुनखडी सांपडते. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या आणि मुकुटबनकडील सिमेंटचा कारखाना यांचें भांडवल हाच दगड. तोच दगड विहिरीच्या पाण्यांत विरघळून रोज आमच्या घरांत येतो. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कर्बद्विप्राणिल वायु घेऊन किंचित् आम्ल होतें, आणि चुनखडींतून झिरपतांना तिचा कांहीं अंश पोटांत घेऊन निघतें. अशा पाण्यास शाळेच्या पुस्तकांत दुष्फेन म्हणतात. फेन म्हणजे फेस. ज्यांत साबणाचा फेस धडपणें येत नाहीं तें दुष्फेन, येतो तें सुफेन. शब्द मोठा नेमका आहे. स्वयंपाकघरांत मात्र तो ठाऊक नसला तरी कांहीं अडत नाहीं. कुकरच्या चार शिट्ट्या अधिक झाल्या तरी तुरीची डाळ टणकच, धुतलेलें धोतर वाळून फळीसारखें, केस राठ आणि चहाच्या पातेल्यास आंतून पांढरें अस्तर, एवढें पाहिलें कीं गृहिणीची परीक्षा पुरी होते.

असें पाणी तापविलें म्हणजे विरघळलेला वायु निघून जातो आणि त्याच्या आधारानें राहिलेली चुनखडी पुन्हां दगड होऊन भांड्यास चिकटते. जेथें उष्णता सर्वांत अधिक तेथें तिचा थर सर्वांत जाड. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सारा अनर्थ तिच्यांतूनच निघाला आहे.

आमच्या लहानपणीं घरांत तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यांत पऱ्हाट्या व गोवऱ्या पेटवावयाच्या, वरून गार पाणी ओतावयाचें, कीं तोटींतून तितकेंच कढत पाणी बाहेर पडे. आमचे आजोबा दर वर्षीं दिवाळीच्या आठ दिवस आधीं त्या बंबांत चिंचेचें पाणी भरून रात्रभर ठेवीत आणि सकाळीं पांढरा गाळ अंगणांत ओतून टाकीत. हें कशासाठीं, असें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. पहिल्या आंघोळीपूर्वींचा एखादा कुलाचार असेल अशी आमची समजूत होती. आठ वर्षांपूर्वीं घरांत विजेचा गीझर आला आणि बंब माळ्यावर गेला. त्याच्याबरोबर चिंचेचें पाणीही गेलें. गीझरास कोणी हात लावला नाहीं. बटण दाबावें, पाणी घ्यावें, एवढाच संबंध.

पांचव्या-सहाव्या हिंवाळ्यापासून त्यानें खुणा करावयास आरंभ केला. आंतून ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखा आवाज येई. बादलींत पांढऱ्या कपच्या पडूं लागल्या. पाणी कोमट होई आणि दिवा विझे. पुन्हां लागे, पुन्हां विझे. आमच्या वहिनी म्हणत, "भाऊजी, याला एकदां कोणाला तरी दाखवा." आम्ही म्हणत असूं, "अजून पाणी येतें आहे ना?"

गेल्या मार्गशीर्षांत नवेंच संकट आलें. पहांटे गीझर लावला कीं घरांतील वीज जाई. मुख्य पेटींत विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारें एक बटण असतें, मिस्त्री त्यास आरसीसीबी म्हणतात. तें रोज पडे. नऊ माणसांचें घर, नातवाची शाळा, मुलाची गाडी, आणि त्यांत काळोख. आम्हीं ओळखीच्या मिस्त्रीस बोलावून सांगितलें कीं, हें बटण फार त्रास देतें, तें काढून तारा सरळ जोडून दे. त्यानें एकवार आमच्या तोंडाकडे पाहिलें. "काढूं ना, गुरुजी?" असें विचारलें आणि काढलें. दोष त्याचा नाहीं. पहारेकरी रोज ओरडतो म्हणून त्यालाच आम्हीं कामावरून दूर केलें. तो कशासाठीं ओरडतो हें पाहिलें नाहीं.

चार दिवसांनीं धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, न्हाणीघरांतल्या नळाला हात लावला कीं झिणझिण्या येतात." आम्ही त्या वेळीं वर्तमानपत्र वाचीत होतों. थंडीनें हात बधिर होतो, असें उत्तर आम्हीं मान वर न करितां दिलें. आठवड्यानें तिनें तीच गोष्ट सासूजवळ काढली. घरांतून उत्तर मिळालें, "आम्हांला कोणाला येत नाहींत त्या?" तिसऱ्यांदा ती बोलली नाहीं. मात्र ती रबरी चपला घालून न्हाणीघरांत जाऊं लागली, आणि नातवाची आंघोळ तिनें चुलीवरच्या पाण्यानें मागच्या अंगणांत सुरू केली. सकाळच्या घाईंत हें नवें सोंवळें कशाला, असें आमच्या घरांत एक-दोघांनीं बोलूनही दाखविलें. ती गप्प राहिली. तें सारें आम्ही ऐकत होतों.

माघांत पंखा दुरुस्त करावयास एक तरुण वायरमन आला. काम संपवून तो हात धुण्यास न्हाणीघरांत गेला आणि तत्काळ परतला. खिशांतील टेस्टर काढून त्यानें तोटीस लावला. टेस्टरांतला दिवा लागला.

त्यानें आधीं वीज तोडली. मग गीझर उतरवून खालचें झांकण काढलें. आंतून दोन तपेलीं भरून चुन्याचीं ढेपळें निघालीं. "गुरुजी, बाप्पा, राजूरची भट्टीच घरांत आणली हाय तुमी," तो म्हणाला. पाणी तापविणारी कॉइल मनगटाएवढी जाड झाली होती, आणि थर फोडल्यावर तिच्या नळीस केसाएवढी भेग दिसली. चुन्याचा थर उष्णतेला आडवा येतो. कॉइलची उष्णता पाण्यांत जाऊं शकत नाहीं, ती आपल्याच आंचेनें तापते आणि फाटते. फाटली कीं वीज पाण्यांत उतरते, आणि क्षारांनीं भरलेलें आमचें पाणी विजेला सुखानें वाट देतें. अशा वेळीं तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, ती वीज जमिनींत नेते. आमच्या न्हाणीघराच्या सॉकेटांत ती तार गंजून केव्हांच सुटली होती. राहिला होता तो पहारेकरी, आणि त्याला तर आम्हींच निरोप दिला होता.

त्या मुलानें विचारलें, "कोणाला झिणझिण्या नाही आल्या काय?" न्हाणीघराच्या दारांत सारें घर उभें होतें. कोणीच बोललें नाहीं. मग आम्हींच सांगितलें, "सूनबाईंना आल्या. त्यांनीं दोनदां सांगितलें. आम्हीं ऐकलें नाहीं."

लहानाच्या तोंडूनही हिताचें बोलणें निघाल्यास तें घ्यावें, हें आम्हीं किती वर्गांना शिकविलें असेल! शिकवितांना आमच्या मनांतला लहान नेहमीं दुसऱ्याच्या घरचा असे.

असो. आतां थोडें गणित. समजा, एक लिटर पाण्यांत ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि घरांत दिवसाला १०० लिटर पाणी तापतें. म्हणजे रोज ३० ग्रॅम क्षार गीझरांत शिरतात. त्यांचा दहावा हिस्साच आंत बसला तरी रोजचे ३ ग्रॅम, हिंवाळ्याच्या १२० दिवसांत ३६० ग्रॅम आणि सात हिंवाळ्यांत अडीच किलो. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याची दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, व दुसरें पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. आमच्या विहिरीचा आंकडा दुसऱ्या टोकाकडे झुकणारा निघाला.

नवें काय आणावें याचा खल दोन संध्याकाळीं झाला. वहिनींचें मत, माळ्यावरचा बंब उतरवावा. त्यानें कधीं कोणाला झिणझिण्या आणल्या नाहींत. पण पहांटे पऱ्हाट्या पेटविण्यास उठावयाचें कोणी, या प्रश्नापाशीं तें अडलें. पुतण्याचें मत गॅसच्या गीझराचें. आमच्या न्हाणीघरास वीतभर खिडकी, तीही हिंवाळ्यांत बंद. अशा जागीं गॅस अपुरा जळून कर्बएकप्राणिल वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि माणूस दार आंतून लावलेलें असतांच निपचित पडतो. बंद न्हाणीघरांत असे मृत्यु झालेले आहेत. तें मत आम्हीं तेथेंच संपविलें. सूर्याच्या उष्णतेवर चालणारें यंत्र आमच्या उन्हाच्या प्रदेशास शोभेल खरें, पण त्याच्या नळ्यांतही हाच चुना बसतो. तें छपराच्या दुरुस्तीनंतर पाहूं.

अखेर २५ लिटरचा विजेचाच गीझर आणला. २० अंशांचें २५ लिटर पाणी ५५ अंशांवर नेण्यास सुमारें एक युनिट वीज लागते; २ किलोवॉटच्या कॉइलीस तें काम अर्ध्या तासाचें. याहून पुष्कळ अधिक वेळ लागूं लागला किंवा पाणी कोमट राहूं लागलें तर आंत कांहीं बिघडलें असें समजावें. घेतांना पुढील गोष्टी पाहिल्या, त्या वाचकांच्याही उपयोगी पडतील. आयएसआयची खूण. टाकीस आंतून कांचेचें अस्तर. दाब वाढल्यास पाणी सोडणारी झडप. उष्णता ५५ अंशांपाशीं थांबवितां येण्याची सोय, कारण अधिक कढत म्हणजे अधिक चुना. आणि मॅग्नेशियमची कांडी.

या कांडीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. टाकीच्या लोखंडाआधीं पाण्यानें तिला खावें, एवढ्यासाठींच ती आंत बसविलेली असते. ही युक्ति सर हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८२४ सालीं आरमाराच्या जहाजांवर योजिली. जहाजाच्या तळाच्या तांब्यास त्यानें लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडले. ते झिजले आणि तांबें वांचलें. मौज अशी कीं, झिजणारें तांबें शिंपल्यांना व शेवाळाला दूर ठेवीत होतें. तें झिजेनासें होतांच तळावर शिंपल्यांचें रान माजलें आणि जहाजें मंदावलीं. गीझरांत ती अडचण नाहीं. मात्र कांडी झिजून संपते, आणि संपली कीं पाळी टाकीची. आमच्यासारख्या पाण्यांत ती दर वर्षीं काढून पाहावी. जुन्या गीझराची कांडी आम्हीं पाहिली. एक गंजकी तार तेवढी उरली होती.

चुना काढण्याचें काम मिस्त्रीकडूनच, वीज तोडून व टाकी रिकामी करून करवावें. कॉइल लिंबूसत्त्वाच्या पाण्यांत बुडवून ठेविली कीं थर सुटतो. संडास धुण्याचें तीव्र आम्ल मुळींच वापरूं नये. तें चुन्याबरोबर धातूही खातें. अर्थिंगची तार तपासून घ्यावी, आणि गळती ओळखणारें बटण काढण्याची बुद्धि कोणास झाल्यास त्यास आमची गोष्ट सांगावी. आमच्या पेटींत तें आतां पुन्हां बसलें आहे.

आणखी एक सूचना. गीझराचें पाणी चहास किंवा भातास घेऊं नये. आमच्या जिल्ह्यांत पांढरकवडा, झरी, वणी या बाजूच्या कित्येक विहिरींत फ्लोराइड आढळतें. त्यानें मुलांचे दांत डागळतात आणि मोठ्यांचीं हाडें ताठरतात. पाणी उकळल्यानें तें जात नाहीं. पाणी आटून उलट त्याचें प्रमाण वाढतें. विहिरीचें पाणी एकदां प्रयोगशाळेंत तपासून घेणें हाच मार्ग.

साफसफाईचा दिवस आम्हीं कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीं ठरविला आहे, म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगास सारें सिद्ध असतें. आजोबांचा दिवसही थोडाफार तोच होता. सूनबाईंनीं तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लाल पेन्सिलीनें लिहून ठेविला आहे. त्याखालीं दर रविवारच्या चौकटींत एक लहानशी फुली आहे. ती आमच्यासाठीं आहे. दर रविवारीं सकाळीं, कोणी आंघोळीस जाण्यापूर्वीं, आम्ही टेस्टर घेऊन जातों, नळास लावून पाहतों आणि तिला सांगतों. "लागला नाहीं," असें म्हटलें म्हणजे ती "बरें" म्हणते, आणि मग नातवास हांक मारते.