बल्किंगला दर कधी मिळणार?

पावसाने उघडीप दिली तशी सभासदांची पत्रे येऊ लागली. मैलापाणी केंद्राच्या गाळाचे खत करणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने पत्राला एक नोटीस जोडली आहे. मजकूर सारखाच: शेजारच्या वस्तीची तक्रार आहे, सात दिवसांत वास आणि माश्या बंद करा, रोज धूरफवारणी करून फोटो सादर करा.

धुराने उडती माशी मरते. अळी ढिगात असते आणि तिथे धूर पोहोचत नाही. एका सभासदाने नोटीस घेऊन आलेल्या निरीक्षकासमोरच विंडरोच्या, म्हणजे खताच्या लांबट ढिगाच्या, पायथ्याला फावडे घातले. ढिगाच्या पोटात तापमापक ५८ अंश दाखवत होता, पायथ्याला ३६. त्या कोमट, ओल्या पट्ट्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि कडेच्या कोरड्या मातीत गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष पडले होते. उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. पायथ्याचा माल पोटात जाईल अशी पलटी आठवड्यातून दोनदा बसली, तर अळी उष्णतेने मरते. निरीक्षकांनी हे सगळे पाहिले आणि धूरफवारणीचे फोटो मागितले.

वासाचे मूळ त्याच्याही आधी आहे. बेल्ट प्रेसमधून दाबून निघालेल्या गाळाच्या केकमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि कर्ब-नत्र गुणोत्तर १० च्या आसपास किंवा त्याहून कमी. असा केक तूस, पाचट किंवा लाकडी चिप्स न घालता रचला की हवा खेळत नाही; तो आतून सडतो आणि जादा नत्र अमोनिया होऊन उडते. वर चुना टाकला तर सामू चढतो आणि अमोनिया अधिकच सुटतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्राने १९७० च्या दशकातच वाट दाखवली: एक भाग केक, दोन भाग चिप्स, वर तयार खताचा फूटभर थर, आणि पंख्याने ओढलेली हवा तयार खताच्या वेगळ्या ढिगातून बाहेर. हे सगळे आपल्या सभासदांना पाठ आहे. अडते ते चिप्सपाशी.

कारण निविदेत चिप्सना दर नाही. केक उचलण्याला दर आहे, वाहतुकीला आहे, जेसीबीच्या तासाला, चाळणीला, रखवालदारालाही आहे. बल्किंगच्या, म्हणजे ढिगात हवा खेळती ठेवणाऱ्या तूस-चिप्ससारख्या, मालाची ओळच नाही. आणि त्याच नगरपालिकेचा उद्यान विभाग छाटलेल्या फांद्या ट्रक भरभरून डेपोवर ओततो! एका सभासदाने त्या फांद्या मागितल्या. उत्तर मिळाले की माल उद्यान विभागाचा, काम मलनिस्सारण विभागाचे, हस्तांतरणाला ठराव लागेल. दोन्ही विभाग एकाच इमारतीत आहेत आणि फाईल चार महिने जिन्यावर फिरते आहे. दंडाची नोटीस मात्र आठवड्यात आली.

नियमांचाही आधार तोकडा आहे. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला दुर्गंधी नसावी, ओलावा १५ ते २५ टक्के असावा असे तयार मालाचे निकष आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रकल्पावर वास, माश्या, उंदीर, पक्षी यांचा उपद्रव कमीत कमी राहील अशी खबरदारी घ्यायला सांगितले. ती खबरदारी कशाच्या पैशाने घ्यायची, याचे उत्तर निविदा काढणाऱ्यानेच द्यायला हवे.

पण आपल्यातल्या काहींनाही सुनावले पाहिजे. संध्याकाळी आलेला ट्रक उघड्यावर रिकामा करून मिश्रण दुसऱ्या दिवसावर टाकणारे सभासद आहेत. माशीला अंडी घालायला तेवढा वेळ पुरतो. पहाटे हवा पडलेली असते, वास जमिनीलगत वस्तीत शिरतो. तेव्हाच पलटी काढणारेही आहेत. ऊन चढून वारा सुटेपर्यंत थांबायला एक पैसा लागत नाही. पलटीची आणि तापमानाची वही न ठेवणाऱ्यांची बाजू तर सुनावणीत कोणी मांडू शकणार नाही. हे उद्यापासून बदला.

आणि पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत प्रत्येकाने आपल्या निविदेच्या दरपत्रकाची प्रत या मासिकाकडे पाठवावी. ज्यांच्या दरपत्रकात बल्किंगची ओळ आहे, त्यांनी आधी पाठवावी. तीच प्रत बाकीच्यांना आपापल्या मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवता येईल.