‘टेस्ट मास्टर’ला कुलूप कशाला?

विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ११. आकडा बरा की वाईट? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, नायट्रेटला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा देतं. म्हणजे चिंता नको. पण प्रयोगशाळेने हे ११ ‘नायट्रोजनच्या रूपात’ मोजले असतील, तर त्याला ४.४३ने गुणावं लागतं आणि उत्तर ४८च्या वर जातं. विहीर मर्यादेबाहेर! हा घोळ होतो तो प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरमधल्या एका खान्यात काय निवडलंय, ते रिपोर्ट वाचणाऱ्याला दिसत नाही म्हणून.

पाण्याच्या सॅम्पलचा डेटा सांभाळणं हे माझं रोजचं काम. या सॉफ्टवेअरमध्ये ‘टेस्ट मास्टर’ नावाचा एक भाग असतो. चाचणी कुठल्या पद्धतीने करायची, एकक कोणतं, दशांश किती, सॅम्पल किती तासांत लावायचं, यंत्राला कमीत कमी किती मोजता येतं, हे सगळं तिथे ठरलेलं असतं. मी जिथे जिथे काम केलं, तिथे हा भाग फक्त ॲडमिनच्या लॉगिनने उघडायचा. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, “कुणी चुकून काही बदललं तर?” अहो, बदलायचं कोण म्हणतंय? नुसतं बघू तर द्या!

सगळ्यात जास्त गडबड ‘बीडीएल’ या तीन अक्षरांत असते. यंत्राला जेवढं पकडता येतं त्याच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ. वाचणारा मात्र ‘नाही’ असं वाचतो. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. यंत्र ०.०५च्या खालचं पकडतच नसेल, तर त्याच्या ‘बीडीएल’वर पाणी पिण्यालायक कसं ठरवणार?

पुढची गंमत तर आलेखात होते. आलेखाला आकडा लागतो, म्हणून सॉफ्टवेअर ‘बीडीएल’च्या जागी त्या किमान आकड्याचा निम्मा भाग घालतं. ही जगभर चालणारी रीत आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. एका प्रकल्पाच्या बैठकीत नदीतलं शिसं एका महिन्यात दहापट घटल्याचा आलेख पडद्यावर आला. सांडपाणी प्रकल्पाचं कौतुकही सुरू झालं. झालं होतं इतकंच, की प्रयोगशाळेने नवं यंत्र घेतलं आणि किमान आकडा ०.०५वरून ०.००५वर आला, निम्मे धरून ०.०२५चे ०.००२५ झाले. नदीत काय बदललं, ते त्या आलेखावरून कळायला मार्गच नव्हता. आणि आधीचे ०.०२५, म्हणजे मर्यादेच्या अडीचपट, तेही कुणी मोजलेले नव्हतेच. टेस्ट मास्टर कुणालाही उघडता आला असता, तर बैठकीत बसलेल्या एखाद्या ज्युनियर केमिस्टनेही हे दोन मिनिटांत सांगितलं असतं.

बीओडीचंही, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजण्याचंही, तसंच. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून होते, अनेक देशांत २० अंशांवर पाच दिवस. परदेशी सॉफ्टवेअर जसंच्या तसं बसवलं आणि नाव नुसतं ‘बीओडी’ ठेवलं, की दोन्ही आकडे एकाच रकान्यात सुखाने नांदतात.

प्रयोगशाळांची बाजूही मला ठाऊक आहे. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या छापील रिपोर्टवर चाचणीची पद्धत असते. पण रिपोर्टमधून आकडे एक्सेलमध्ये आणि तिथून डॅशबोर्डवर जाईपर्यंत पद्धतीचा रकाना गळतो, आकडा तेवढा पुढे जातो. टेस्ट मास्टर खुला केला तर ‘लोकांचा गोंधळ उडेल’ हा आक्षेप मात्र मला अजिबात पटत नाही. “मॅडम, पाणी प्यायचं का नाही, तेवढं सांगा,” असं विचारणाऱ्या सरपंचांना नायट्रेटचं एकक समजावायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती. मग त्यांनीच विचारलं, “गेल्या वर्षीचा रिपोर्ट कुठल्या हिशोबाने होता?” त्याचं उत्तर द्यायला मला ॲडमिन रजेवरून परतायची वाट बघावी लागली.

नगरपालिका, जिल्हा परिषदा, कारखाने असली सॉफ्टवेअरं बहुतेकदा निविदा काढून घेतात. त्या निविदेत दोन ओळी वाढवायला पैसे पडत नाहीत: प्रत्येक लॉगिनला टेस्ट मास्टर केवळ वाचण्यासाठी खुला असेल, आणि कुठली सेटिंग कधी, कुणी बदलली आणि आधी काय होती, हे प्रत्येक निकालाशेजारी दिसेल.